सिमेंटखालची लेकरं

मी एक जुनी ताल आहे. ताल म्हणजे डोंगरउतारावरच्या शेताचा दगडमातीचा बांध. पासली गावात मला सखूच्या सासऱ्यांनी रचलं. दगड मात्र वाहिले सखूनं, नवी नवरी असताना. नाव सासऱ्यांचं झालं. चालायचंच.

मित्रांनो, पावसाळाभर माझ्या अंगावर तेरडा, सोनकी, कवला फुलायचा. कुणी लावला नाही, कुणी पाणी घातलं नाही. त्यावर रानमाश्या यायच्या. पोळं बांधणाऱ्या नव्हेत, एकट्या राहणाऱ्या. एकेक आई माझ्या मातीत भोक पाडायची, परागाचा गोळा ठेवून त्यावर अंडं घालायची, तोंड लिंपायची आणि मरून जायची. पिल्लं वर्षभर माझ्या पोटात. इतकी बाळंतपणं केली, पण मला कुणी सुईण म्हटलं नाही.

सखूची खुरासणी, म्हणजे तेलाचे कारळे; या माश्या फुलांवर फिरल्या तरच त्यात दाणा भरायचा. बी तिच्या सासूचं, दरसाल त्यातलंच राखून पेरलेलं. माश्या याव्यात म्हणून माझी फुलं वाळून गळेपर्यंत ती माझ्यावर विळा चालू देत नसे.

गेल्या उन्हाळ्यात ती मोतीबिंदू काढायला भोरला लेकीकडे गेली. इकडे शहरातले पाहुणे सेंद्रिय शेती बघायला येणार होते. तिच्या मुलानं, सोमनाथनं, शेतात कधी विषारी औषध मारलं नाही, हे खरं. पण माझी त्याला लाज वाटली. भाताच्या रोपांसाठी जमीन भाजतात, तो राब पेटवताना त्यानं माझ्यावरचं गवतही जाळलं. मग सिमेंटचा गिलावा केला, वर गेरू फासला. पाहुणे म्हणाले, "किती स्वच्छ!"

सखू परतली आणि कडाडली, "माज्या तालीला कफन घातलंस व्हय रं?"

"आये, फुलं काय, दुसरीकडं येतील की."

"आन् माश्या?"

"त्या रानातनं येत्यात."

 सखूलाही तसंच वाटत होतं.

श्रावण सरला आणि माझ्या पोटात कुरतड सुरू झाली. लेकरं बाहेर यायला बघत होती. आठ-दहा दिवस कुरतडली. मग थांबली.

खुरासणी पिवळीधमक फुलली. मळणीला बोंडं चोळली, तर हातात नुसता भुसा. माझ्या ज्या कोपऱ्याला सिमेंट कमी पडलं होतं, त्याच्याजवळची चार झाडं तेवढी भरली.

"खत कमी पडलं आसंल," सोमनाथ म्हणाला.

"आप्रेशन माज्या डोळ्याचं, आन् आंधळा तू झालास!" सखूनं पहार घेतली आणि माझं सिमेंट फोडलं. मातीबरोबर वाळलेल्या माश्या गळाल्या. पंख फुटलेल्या, तोंडं बाहेरच्या बाजूला. ती खाली बसली.

"ह्या हितंच व्हत्या," ती म्हणाली. "कुटं ऱ्हात्यात, मीच इचारलं न्हाई."

त्या चार झाडांचं मूठभर बी तिनं पुढच्या पेरणीला फडक्यात बांधलंय. मित्रांनो, बांध साफ करण्याआधी तिथं कोण राहतं ते बघा. माझ्या कोपऱ्यात आता पाच भोकं आहेत. तिकडून जाल तेव्हा जरा लांबून जा.