चालकाशी बोलू नये

माझ्या वडिलांनी आयुष्यभर बस चालवली. त्यांच्या डोक्यामागे एक पाटी असायची, चालकाशी बोलू नये. निवृत्त झाले तेव्हा त्यांनी गणवेश जमा केला, पाटी मात्र बहुधा घरी घेऊन आले. आम्ही बापलेक एका छताखाली राहायचो आणि एकमेकांशी चकार शब्द बोलायचो नाही. कधीतरी भांडण झालं होतं. कशावरून, ते मला धड आठवत नाही, आणि त्यांना आठवत असलं तरी ते सांगायचे नाहीत. राग केव्हाच विरला होता. सवय तेवढी राहिली होती.

मी चाळिशी ओलांडलेला, बिनलग्नाचा, आईवडिलांच्या घरात मागच्या खोलीत राहणारा इसम. कवळ्या बनवतो. दात कोरून पोट भरत नाही म्हणतात; माझं भरतं. दिवसभर वाकून परक्यांचे दात घासायचे आणि संध्याकाळी नाकात गुलाबी भुकटी घेऊन घरी यायचं. घरी आलं की अजून थकायला होतं, कारण तिथे मी कोणी कारागीर नसतो, कोणाचा तरी मुलगा असतो. या वयात मुलगा असणं फार दमवतं. टॉवेल ओला का टाकला, याचं उत्तर केस पिकल्यावरही द्यावं लागतं.

पुढच्या खोलीत खिडकीपाशी बाबा, मागच्या खोलीत मी आणि मधे स्वयंपाकघरात आई. तीच आमची कंडक्टर. बाबा तिला सांगायचे, "त्याला सांग, दिवा चालू ठेवून झोपतो, लाज वाटत नाही." आई माझ्याकडे यायची आणि म्हणायची, "बाबा म्हणतायत, डोळ्यांना जप रे." मी सांगायचो, "त्यांना म्हणावं, टीव्हीचा आवाज कमी करा, डोकं उठलंय." ती बाहेर जाऊन म्हणायची, "तो विचारतोय, तुम्हाला नीट ऐकू येतं ना?" भिंत पातळ होती, त्यामुळे हे सगळं मला माहीत होतं. आई दोन्हीकडे साखर पेरते, पेरू दे, असं मी म्हणायचो.

मग मला खोली मिळाली. मी काम करतो त्या दातांच्या लॅबच्या मागच्या गल्लीत, एका शिलाईच्या दुकानावर. एक खिडकी, एक मोरी, एक गळका नळ. ती बघून मी तिथल्या उघड्या फरशीवर बसलो आणि बराच वेळ उठलोच नाही. इतकं शांत मला कधी वाटलं नव्हतं. घरमालकीण म्हणाली, "बसा, बसा. सगळे आधी बसूनच बघतात."

घरी येऊन मी आईला सांगितलं, "बाबांना सांग, मी खोली बघितलीय." ती बाहेर गेली. परत आली ती पदराला हात पुसत.

"काय म्हणाले?"

"काही नाही. नुसते खिडकीबाहेर बघत बसले. मग गुडघा चोळला."

झालं. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर मी त्याच रात्री बॅग भरली असती. पण चोळलेल्या गुडघ्यापुढे माणूस काय करणार? आई जेवू घालीना, बाप भीक मागू देईना, अशी माझी गत. मी मालकिणीला आज सांगतो, उद्या सांगतो करत राहिलो. शेवटी तिने बजावलं की रविवारपर्यंत हो म्हणा, नाहीतर दुसरं माणूस तयार आहे. मला ती खोली हवी होती. इतकी हवी होती की कामावर एका आजोबांच्या कवळीत मी सुळा उलटा बसवला.

आणि नेमका त्याच आठवड्यात आईचा आवाज बसला. घशाच्या डॉक्टरांनी सांगितलं, स्वरयंत्राला सूज आहे, अजिबात बोलायचं नाही, कुजबुजायचंसुद्धा नाही. घरातली वाहतूक एकदम ठप्प झाली. पहिल्या दिवशी आईने कागदावर लिहून बघितलं. बाबा म्हणाले, चष्मा कुठाय, आणि चष्मा कुठाय हे आमच्या घरात फक्त आईलाच विचारायचं असतं. तिने पेन ठेवून दिलं.

शनिवारी सकाळी मी स्वयंपाकघरात चहा घेत उभा होतो. बाबा कधी नव्हे ते आत आले. आई गॅसपाशी, आमच्या दोघांच्या मधोमध.

"त्याला विचार," बाबा म्हणाले, "किल्ली घेतली का."

आईने गळ्याकडे बोट दाखवलं. बाबा थांबले. त्यांनी एकदा छताकडे पाहिलं, एकदा ओट्यावरच्या आपल्या कपाकडे, आणि मग माझ्या खांद्याच्या थोडं पलीकडे बघत म्हणाले, "घेतलीस का?"

"कसली?" मी विचारलं. माझाच आवाज मला परका वाटला.

"खोलीची. किती दिवस झाले सांगून, घे म्हणून."

"कोणाला सांगितलंत?"

"हिला. तू कामावर असताना. म्हटलं, घोडा झालाय, त्याचं त्याला राहू दे. माझे गुडघे काय पळून जातायत? तर ही म्हणाली, त्याला तुम्हाला सोडून जाववत नाही."

"मी असं कधीच म्हटलं नाही."

"म्हणजे जाववतं?"

"हो," मी म्हणालो. मग वाईट वाटलं, म्हणून पुढे म्हणालो, "म्हणजे, जवळच आहे."

"मग जा की," बाबा म्हणाले. "मीच किती दिवस तुला दिव्यावरून बोलू? मला कंटाळा आलाय."

इतकं सोपं होतं ते. मला आईचा इतका राग आला की कप मी ओट्यावर आपटला. आम्ही दोघं तिच्याकडे बघायला लागलो. तिने शांतपणे गॅस बंद केला, ओटा पुसला आणि फडकं पिळून वाळत घातलं. मग डॉक्टरांचं न ऐकता, फाटक्या आवाजात ती माझ्याशी बोलली.

"तू गेलास की हे माझ्याशी बोलणार कशाबद्दल?"

मी आठवून बघितलं. त्याला सांग, त्याला विचार, त्याला म्हणावं. एवढी वर्षं भिंतीपलीकडून बाबांचा आवाज आला तो एवढ्यासाठीच. आई संदेश पोचवते असं मी समजत होतो. तिचा तर संसारच त्याच्यावर चालला होता.

"डॉक्टरांनी बोलू नको म्हणून सांगितलंय," बाबा म्हणाले.

"बघ," आई म्हणाली.

बाबा कप घेऊन बाहेर गेले आणि खिडकीपाशी बसले. चहा मात्र प्यायले नाहीत.

मी खोली घेतली. नाही घेतली असती तर आम्ही तिघंही तिथेच म्हातारे झालो असतो, आणि दोघं तर झालेच होते. जायच्या दिवशी आई दारात आली नाही. मला रडू आलं. ते जिन्यातच उरकून मी सामान उचललं.

आता मी रोज संध्याकाळी आईला फोन करतो. तिचा आवाज सुधारलाय, जरा घोगरा राहिलाय. मी म्हणतो, "बाबांना सांग, नळ गळतोय." मग तिकडे हाक जाते, "अहो, त्याचा नळ गळतोय." मागून बाबा तोंडसुख घेतात, "त्याला सांग, वॉशर बदल म्हणावं. दात बसवतो, वॉशर बसवता येत नाही?" आई मला सांगते, "बाबा म्हणतायत, ओल्यात घसरू नकोस." तोवर बाबांचं नळांवर सुरूच असतं. आई त्यांना मधेच काहीतरी विचारते, ते उत्तर देतात. मी फोन कानाला लावून ऐकत पडून राहतो. एकदा फोन बाबांनीच उचलला. आई खाली गेली होती.

"नंतर करतो," मी म्हणालो.

"हं," ते म्हणाले. "तिलाच सांग काय ते."

मागच्या रविवारी दोघं पहिल्यांदा खोली बघायला आले. बाबा जिना चढताना तीनदा थांबले. आल्या आल्या हात धुवायला मोरीत गेले आणि मला एकदम घाम फुटला. नळ मी पहिल्याच आठवड्यात बदलला होता. नवाकोरा, चकचकीत. बाबांनी तो सोडला, बंद केला, खाली हात धरून बघितलं. एक थेंब नाही. मग वळून त्यांनी नीट माझ्याकडे पाहिलं. आई खिडकीचा पडदा सरळ करत होती.

"अगं," बाबा तिला म्हणाले, "त्याला सांग, नळ अजून गळतोय. असा एका दिवसात नाही व्हायचा तो."