फळीवरचे चार कप

"घरी कधी काही बोलल्या का त्या? कामाबद्दल?" साहेबांनी तिसऱ्यांदा विचारलं.

"बोलायची की," पंप दुरुस्त करणारा म्हातारा म्हणाला. "ग्रीसचे हात टॉवेलला पुसू नका, म्हणायची. रोज."

साहेब हसले, पण पेन उघडंच ठेवलं. म्हाताऱ्याची बायको जाऊन महिना झाला होता, युद्ध संपून तीस वर्षं. साहेबांच्या खात्याच्या भिंतीवर आता युद्धात गुपचूप काम केलेल्यांची नावं कोरायची होती. नियम एकच: ज्याचं गुपित घरात फुटलं, त्याचं नाव नाही.

"मला माहीत ते एवढंच, की ती हवामान खात्यात कारकून होती. पाऊस कधी येणार ते तिला जन्मात कळलं नाही. भिजूनच यायची. माझी बहीण म्हणायची, 'वहिनी, खात्याला सांग, आधी मलाच छत्री द्या.' शिवाय इतक्या वर्षांत बढती कशी नाही, हा टोमणा वेगळाच."

"बढती?" साहेब म्हणाले. "काका, वर जागाच नव्हती. युद्धात अख्खं हेरखातं बाई चालवत होत्या. आता सांगायला हरकत नाही. भलेभले सेनापती त्यांच्यासमोर शब्द तोलून बोलायचे."

म्हाताऱ्याची पाठ ताठ झाली. आज बहीण हवी होती, असं त्याला वाटून गेलं.

"आणि एकदा..." साहेबांचा आवाज उतरला. "आमची चार माणसं परत आली नाहीत. त्यांना पाठवायचं आम्ही तिघांनी मिळून ठरवलं होतं. कागदावर बाईंनी एकच ओळ लिहिली, 'निर्णय माझा होता.' दुसऱ्या दिवशी नऊच्या ठोक्याला खुर्चीत हजर."

चार.

म्हाताऱ्याला आठवलं. युद्धातल्या एका सकाळी ओट्यावर दोनाऐवजी सहा कप मांडलेले होते, सहाही भरलेले. ती गाळणं हातात धरून त्यांच्याकडे बघत उभी होती. त्याने आपला कप संपवला, मग तिचा सोडून उरलेले चारही एकेक करून प्यायला. "आज चहा फक्कड झालाय," एवढंच म्हणाला. तिने ते चार कप घासले, पुसले आणि वरच्या फळीवर ठेवले. पुन्हा कधी खाली काढले नाहीत. त्यानेही विचारलं नाही.

"काका?"

"नाही साहेब. एक शब्दसुद्धा नाही."

आणि ते खरंच होतं.

साहेबांनी लिहून घेतलं, पेनाला टोपण लावलं. "मग बाईंचं नाव सगळ्यात वर येईल."

"यायलाच पाहिजे," म्हातारा म्हणाला.

साहेब गेल्यावर त्याने साबण लावून हात धुतले, नखांतलं ग्रीससुद्धा काढलं. स्टुलावर चढून चार कप उतरवले, विसळले, स्वच्छ फडक्याने पुसून फळीवर ओळीने मांडले. मग तिचा रोजचा कप घेतला, आणि त्या चारांच्या पुढे ठेवला.