टोफूसमोरची तीन रिकामी टेबलं

शनिवारी दुपारी सिंगापूरमधल्या जुरोंग ईस्टच्या मॉलमधल्या फूड कोर्टात टेबल मिळायला नशीबच लागतं. जिथं माणसं बसलेली नसतात, तिथं टिश्यूची पाकिटं बसलेली असतात. पाकीट ठेवलं की टेबल त्याचं, मग मालक अर्धा तास रांगेत उभा का असेना. अनुजा आपलं पाकीट हातात घेऊन तयारीतच होती. तेवढ्यात तिचा नवरा शिरीष म्हणाला, "ती बघ, तिथं तीन टेबलं रिकामी आहेत. लोकांना दिसत कशी नाहीत?"

ती तिन्ही टेबलं एका तैवानी स्टॉलच्या अगदी समोर होती. अनुजा चार पावलं गेली आणि थबकली. पावसात भिजलेलं सुकटीचं पोतं कुणीतरी उघडून ठेवावं, तसा भपकारा आला. मालवणात वाढलेली बाई ती, सुकटीला घाबरणारी नव्हे. पण हे प्रकरण सुकटीच्याही वरताण होतं. शिरीष मात्र लॉटरी लागल्यासारखा खुर्ची ओढून ऐसपैस बसला होता.

आता अनुजाचा स्वभाव असा, की एखाद्या गोष्टीचा छडा लागल्याशिवाय तिला घास जायचा नाही. ती सरळ स्टॉलवर गेली.

"व्हॉट इज दॅट स्मेल?"

काउंटरमागची बाई हसली. "स्टिंकी टोफू लाह! स्मेल बॅड, बट व्हेरी नाइस. ट्राय, ट्राय."

सोयाबीनचं पनीर आंबवलेल्या पाण्यात मुरवायचं आणि मग तळायचं, असा तो प्रकार होता. प्लेट सहा डॉलरची. एवढ्या स्वस्तात एवढं कुतूहल भागत असेल तर सोडतं कोण? अनुजानं एक प्लेट घेतली, शिवाय पोटभरीला तळलेलं चिकन आणि भात.

ती ट्रे टेबलावर ठेवत होती तेव्हा सफाईचे काका नाकावर हात धरून शेजारून गेले. "वा, यू सिट हिअर! सो ब्रेव्ह!"

"असं का म्हणतायत ते?" शिरीषनं विचारलं.

अनुजा नवऱ्याकडे बघत राहिली. शिरीष मालवाहू बोटीवर सेकंड इंजिनियर. तीन आठवड्यांपूर्वी घरी सुट्टीवर आला होता आणि सोमवारी इथल्याच बंदरातून पुन्हा बोटीवर चढणार होता. एरवी दारातूनच "फोडणी करपली गं!" म्हणणारा हा माणूस या खेपेला एकदाही काही बोलला नव्हता. मंगळवारी तर दूध करपून घरभर वास सुटला, तरी हा शेजारच्या खोलीत पेपर वाचत बसलेला. नवरा निवळला, असं समजून अनुजा खूश होती. भोळी कुठली.

तिनं टोफूचा एक तुकडा उचलून त्याच्या नाकापुढे धरला. "डोळे मीट. वास घे आणि सांग, काय आहे?"

शिरीषनं श्वास घेतला, जरा जास्तच जोरात. "मस्त. एकदम खमंग आहे."

अनुजानं तुकडा हळूच प्लेटमध्ये ठेवला.

"कधीपासून?"

"काय कधीपासून?"

"शिरीष, या वासानं अख्खा फूड कोर्ट पळालाय. कधीपासून वास येत नाही तुला?"

त्यानं डोळे उघडले. चोरी पकडल्यावर होतो तसा त्याचा चेहरा झाला होता. "फेब्रुवारी. बोटीवर ताप आला होता ना, तेव्हापासून. येईल परत असं वाटलं."

"आणि मला सांगितलं नाहीस!"

"तुला सांगितलं असतं तर तू चढू दिलं नसतंस."

तिला संताप आला होता, पण संतापाहून भीती मोठी होती. इंजिन रूममध्ये यंत्रं बोलतात ती वासानं, हे तिनं इतक्या वर्षांत त्याच्याचकडून ऐकलं होतं. तेल गळलं, वायर तापली, तर अलार्मच्या आधी इंजिनियरला कळतं. ज्याला कळत नाही, तो तिथं उभा राहून करणार काय?

"मागच्या खेपेला काही झालं?" तिनं विचारलं.

शिरीष भाताशी चाळा करत राहिला. मग म्हणाला, "एकदा झालं. मी जनरेटरपाशीच उभा होतो. यंत्रांना तेलपाणी करणारा आमचा ऑइलर सौमित्र खालच्या मजल्यावरून धावत आला. साब, कुछ जल रहा है, म्हणाला. मी मान हलवली, जसं काही मला आधीच कळलं होतं, आणि जनरेटर बंद केला. आत वायर जळत होती."

"आणि तो आला नसता तर?"

शिरीषनं भाताची प्लेट बाजूला सारली. बोटीवर एकवीस माणसं होती. त्याच्या कपाळावर घाम आला. अनुजाला त्याची इतकी दया आली, की पुढचं बोलणं तिनं गिळलं. चढू नकोस, हे तिनं सांगितलं असतं तर तो जन्मभर तिला दोष देत बसला असता. ते त्याचं त्यालाच म्हणायला हवं होतं.

भात निवला. मग शिरीषनं फोन काढून कंपनीच्या सुपरिंटेंडेंटला लावला.

"गुरुप्रसाद सर, शिरीष बोलतोय. सोमवारी माझ्या जागी दुसरा माणूस पाठवा." तो थांबला. "नाही, घरी सगळे ठीक आहेत. मला वास येत नाही, सर. मागची खेप मी तशीच काढली. लपवलं मी."

पलीकडून काय आलं ते अनुजाला ऐकू आलं नाही. शिरीष आधी नुसता "हो सर, हो सर" म्हणत होता. शेवटी हलक्या आवाजात त्यानं काहीतरी मागितलं. फोन खाली ठेवल्यावर तो म्हणाला, "आधी डॉक्टर. बोटीचं नंतर बघू म्हणाले." मग अगदी बारीक आवाजात, "सौमित्रचा नंबर पण मागितला मी. त्याला फोन करायचाय. त्यानं वेळेवर येऊन सगळ्यांना वाचवलं, हे मी रिपोर्टमध्ये लिहिलंच नव्हतं. त्याच्या जागी माझंच नाव लिहिलं होतं."