अंकुशच्या जाळ्याची शेवटची गाठ

आमच्या पणजीले आमी सारे बुढी माय म्हणतो. आमी ढिवर, मासे धरणारे, अन् तिचा जन्म तलावाच्या पारीवरच गेला. घरच्या हरेक माणसाचं जाळं तिनंच विणलं. डोळे गेले तरी बोटं थांबली नाई.

तिचा एक नेम होता. शेवटची गाठ ती कधी मारत नसे. ज्याचं जाळं त्यानं मारावी, मंग गंगामायले हात जोडून पाण्यात उतरावं. जाळं पुरं व्हायच्या आधीच माणूस गेला, तर घरच्या मोठ्या बाईनं गाठ मारावी अन् जाळं पाण्याले देऊन टाकावं. तिच्या एका लेकाचं जाळं असंच गेलं.

माझा लहान भाऊ अंकुश भद्रावतीले कामाले गेला, तवा ती त्याच्या जाळ्याले लागली. दिवाळीले येईल अन् गाठ मारंल, म्हणे. दिवाळीच्या आधीच त्याले ट्रकनं उडवलं. बाबा म्हणाले, बुढीले सांगाचं नाई, ऐकलं तं ती बी जाईल. अंकुशले आमी गावी आणलंच नाई, तिकडंच अग्नी दिला. माय रडाले धानाच्या बांधीत जाये.

बुढी माय रोज सांजेले इचारे, "रीना, अंकुशचा फोन आला का वं?"

"आला ना. तू जेवली का म्हणे."

"लबाड आहे. मले नाई करत फोन."

मले बाबाचा राग येई, तिचा येई, मेलेल्या भावाचाही येई.

काल सकाळी म्हणे, मले तलावावर ने. पाय चालत नाई अन् तलाव पाह्यजे महाराणीले, असं पुटपुटतच मी तिले धरून नेलं. पाण्यापाशी तिनं पदराखालून अंकुशचं जाळं काढलं अन् माझ्या हाती देलं. मी चाचपलं. शेवटची गाठ मारलेली होती.

मले तिथंच बसून रडू फुटलं. तिनं जाळं माझ्या हातून घेतलं, पाण्यात सोडलं अन् हात जोडले.

"तुले कोणं सांगलं?"

"कोणं सांगाले पाह्यजे? तुझी माय बांधीतून येते तं तिचा आवाज बसला राह्यते."

"मंग मले रोज खोटं काऊन बोलू देलं?"

तिनं ओले हात पदराले पुसले. मंग म्हणे, "तू फोनचं सांगे ना, तेवढा वेळ थो जिता राहे."

सांजेले मी तिच्याजवळ जाऊन बसली. जवाब तयार होता माझा. तिनं इचारलंच नाई.