भिंतीवरची गाय आणि तिचा चारा

यावर कुणाचा विश्वास बसणार नाही, हे मी आधीच सांगून टाकतो. चटकन विश्वास ठेवणाऱ्याला गोष्ट सांगण्यात तसाही राम नसतो. आमचे रंगारीदादा मात्र हाडाचे संशयी निघाले, म्हणून तर सांगायला बसलो.

झालं असं की नात आठ वर्षांची झाली आणि तिने आपली खोली पिवळी करून मागितली. रंगारी आला, शिडीवर चढला, भोकं बुजवायला लांबीचा गोळा पत्र्याच्या पट्टीवर घेतला आणि तसाच थांबला.

"काका, एका भिंतीला तेवीस भोकं? खिळे ठोकलेत की शिकार केलीत?"

खाली माझी मुलगी विजेच्या बटणांवर कागद चिकटवत बसली होती. ती म्हणाली, "दादा, विचारू नका. दुपार जाईल."

दुपार गेलीच.

तर रंगारीदादा, ही नात जन्मली तेव्हाची गोष्ट. दवाखान्यातून बाळ-बाळंतीण न्यायची कुठे, यावर दोन घरांत ओढाताण सुरू झाली. विहीणबाईंनी बाळाची खोली सहा महिने आधीच सजवून ठेवलेली. पाळण्यावर फिरते हत्ती, पडद्याला झालर, पायपुसण्यावरसुद्धा ससा. आमच्या खोलीत काय, एक पाळणा आणि ही उघडी भिंत. मुलगी म्हणाली, "भांडू नका. आधी आठ दिवस बाबांकडे, मग आठ दिवस सासरी. जिथे बाळ दुपारी झोपेल तिथे मी राहीन." म्हणजे माझ्या हातात आठ दिवस होते, आणि ते गेले की नात नुसती फोटोत बघायची.

मी तडक जुन्या सामानाच्या दुकानात गेलो. तो दुकानदार म्हणजे जगाने टाकलेलं सगळं पोटाशी धरून बसलेला माणूस. तुटक्या खुर्च्या, एकेकटे कप, कुणाकुणाचे लग्नाचे फोटो. त्या ढिगातून मी एक चित्र उपसलं. पोटापर्यंत गवतात उभी असलेली एक गाय. चौकटीचा एक कोपरा वाळवीने खाल्लेला, म्हणून जवळजवळ फुकटात मिळालं. आमच्या हिने ती चौकट साबणाच्या पाण्याने घासली, मी भुसा आणि सरस कालवून कोपरा भरला, दाराचा उरलेला पांढरा रंग फासला आणि पाळण्यासमोर टांगली. पाण्याची बाटली आडवी धरून, बुडबुडा मध्यावर आणून टांगली. आमचं काम असं असतं.

दोन दिवस बाळ रडलं. तिसऱ्या दिवशी दुपारी खोलीतून आवाज यायला लागला, करम करम, करम करम. आत जाऊन बघतो तर बाळ गाढ झोपलेलं आणि भिंतीवरची गाय रवंथ करतेय.

"काका," रंगारी म्हणाला, "लांबी वाळतेय माझी."

वाळू दे. चौथ्या दिवशी गवत गाईच्या गुडघ्यापर्यंत आलं. पाचव्या दिवशी सकाळी चित्रात नुसती माती. गाय माझ्याकडे बघत होती, पाहुणा रिकाम्या बशीकडे बघतो तशी. चावणं बंद, त्यामुळे झोप बंद. बाळाने असा सूर लावला की शेजारच्यांनी खिडक्या लावून घेतल्या.

मी पुन्हा दुकानात. म्हटलं, "गवताचं चित्र द्या."

त्याने समुद्र काढला. "हे घ्या, जहाजासकट."

"खारं नको. हिरवं दाखवा. उंच असेल तर उत्तम."

"पडद्याला जुळवायचंय का?"

"नाही, पोटाला."

त्याने चष्मा वर करून मला एकदा नीट बघितलं आणि डोंगरातलं एक कुरण काढून दिलं. घरी येऊन ते गाईशेजारी टांगलं, पण घाईत दोन चौकटींमध्ये बोटभर फट राहिली. गाय कडेपर्यंत आली, खाली वाकून बघितलं आणि मागे सरली. जनावर शहाणं. मग मी आइस्क्रीमची काडी फटीवर आडवी चिकटवली, तेव्हा कुठे ती पलीकडे गेली. करम करम. बाळ झोपलं.

पण भूक हो तिची! कुरण एका दुपारीत साफ. मग काय, मी दुकानात आणि दुकानातून घरी. फळांची परडी आणली तर द्राक्षं खाल्ली, अननस हुंगून सोडला. कोटाला गुलाब लावलेल्या एका म्हाताऱ्याची तसबीर आणली. आधी गुलाब गेला, मग त्याची गवती टोपी गेली, आणि आत टक्कल निघालं. त्या गृहस्थाने त्या दिवसापासून माझ्याकडे बघणं टाकलं, तोंड फिरवून बसला. एकदा माझीच चूक झाली, झाडं आहेत एवढंच बघून मी बर्फातलं चित्र उचललं. गाईला सर्दी. ती शिंकली की बाळ दचकून उठायचं. शेवटी हिने पातेलंभर कढत पाणी आणून तासभर चित्रासमोर वाफ धरली.

"आईने?" मुलीने कागद खाली ठेवला. "बाबा, आईचा गुडघा तेव्हा प्लास्टरमध्ये होता."

"म्हणून तर तासभर लागला. मध्ये बोलू नकोस."

अशी तेवीस चित्रं झाली आणि आठवा दिवस उजाडला. सकाळीच विहीणबाई आल्या. काखेत वॉलपेपरची ही एवढी गुंडाळी. भिंतीकडे बघून म्हणाल्या, "व्याही, ही बाळाची खोली आहे की भंगाराचं दुकान?"

मी म्हटलं, "बाळाला विचारा."

"बाळाला काय कळतंय? हे बघा, माझ्याकडे याच कागदाच्या चारही भिंती केल्यात. धुता येतो, फाटत नाही." आणि त्यांनी ती गुंडाळी तिथेच, समोरच्या भिंतीला टेकवून उलगडली. रंगारीदादा, काय जंगल होतं. केळीएवढाली पानं, वेली, वर पोपट. माझी तेवीस चित्रं त्यापुढे अगदी दीनवाणी दिसायला लागली. मुलीची बॅग दाराशी भरून ठेवलेली. विहीणबाई म्हणाल्या, "चल गं, गाडी उभी आहे."

"चहा तरी घ्या," म्हणून मी त्यांना बाहेर नेलं. चहा उकळायला जरा वेळ लावला, हे कबूल. परत येतो तर काय, गाय म्हाताऱ्याच्या टकलावर पाय देऊन छतावर, छतावरून उतरून समोरच्या भिंतीवर, आणि जंगल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सफाचट. नुसता पांढरा कागद. फांद्या गेल्यामुळे पोपट तेवढे हवेत बसल्यासारखे अधांतरी. विहीणबाईंनी कोऱ्या कागदावरून बोट फिरवून बघितलं. म्हणाल्या, "धुता येतो म्हणाला होता तो कागदवाला. खाता येतो म्हणाला नव्हता."

आणि पाळण्यात बाळ असं झोपलेलं, की सूर्य कलला तरी डोळा उघडेना. करम करम, करम करम. तेव्हा माझ्या मुलीने बॅग उचलली, पुन्हा आत आणून ठेवली आणि सासूला म्हणाली, "आई, मी इथेच राहते." त्या गाईने, रंगारीदादा, त्या एका गाईने माझं घर...

"कसली गाय, बाबा," मुलगी म्हणाली. ती पुन्हा बटणांवर कागद चिकटवत होती, मान वरही केली नाही. "पाळण्यामागे पाटावर बसून तुम्ही गाजरं खात होता. रोज, दुपारभर. मी दाराच्या फटीतून बघत होते. आठव्या दिवशी तुमची दाढ तुटली, ती तुम्ही रुमालात बांधली आणि दुसऱ्या बाजूने चावत बसलात. म्हणून राहिले मी."