आधी मला टोचा

मी एक सुई बोलतेय. शिवणकामाची नव्हे, तिच्या वाट्याला रोज काहीतरी काम येतं. मी इंजेक्शनची सुई. जाड मार्करएवढ्या प्लास्टिकच्या नळीत बसलेली, एका टोकाला पिवळी टोपी, पोटात थोडंसं औषध आणि अंगावर छापलेली मुदतीची तारीख. टोपी काढायची, मांडीवर दाबायचं, मनात दहा अंक मोजायचे, बस्स. लोक मला पेन म्हणतात. म्हणोत बापडे.

माझा जन्म कारखान्यातला. पांढरे झगे, काचेची भिंत, कुणी शिंकलं तरी बाहेर काढायचे. मला एक जुळी बहीण होती. आम्ही दोघी एकाच खोक्यातून औषधाच्या दुकानात आलो, आणि दुकानदाराने एका माणसाच्या हातात ठेवताना सांगितलं, "एक त्यांच्याजवळ, एक तुमच्याजवळ. फ्रिजमध्ये नको, उन्हात नको आणि घरी विसरून तर अजिबात नको."

तो माणूस लिफ्टचा मेकॅनिक. मोठमोठ्या इमारतींच्या लिफ्ट तपासायच्या, दोर बघायचे, ब्रेक बघायचे आणि शेवटी कागदावर सही करायची. त्याची बायको तलावावर मोठ्या माणसांना पोहायला शिकवायची. साठीच्या बाया, बँकेतून निवृत्त झालेले काका, सगळे तिला मॅडम म्हणायचे. मॅडमला तिळाची ॲलर्जी. अंगावर पित्त उठतं आणि बसतं, तसली नव्हे. एक तीळ पोटात गेला, की ओठ सुजतात, घसा आवळतो, श्वास अडतो. त्यांच्या लग्नाला पाच वर्षं झाली होती, आणि या पाच वर्षांत तिला दोनदा दवाखान्यात न्यावं लागलं होतं. हे मला कसं ठाऊक? मेकॅनिक प्रत्येक हॉटेलात, प्रत्येक वेटरला ही कथा पहिल्यापासून सांगायचा. मी त्याच्या कमरेच्या पाकिटात बसून ती इतक्यांदा ऐकली, की मलाच पाठ झाली.

वेटरांचं काय सांगू! तो विचारायचा, "यात तीळ आहेत का? तिळाचं तेल? ज्या तव्यावर हे भाजता, त्यावर तिळाचं काही भाजता का?" दुसऱ्या प्रश्नालाच वेटरचे डोळे शेजारच्या टेबलाकडे वळायचे. एकाने तर छातीवर हात ठेवून सांगितलं, "तीळ अजिबात नाहीत साहेब. वरून चार-दोन टाकतो, तेवढेच. शोभेला."

मेकॅनिकच्या जिवाचा अक्षरशः तीळपापड झाला. मॅडम मात्र हसत सुटली. हसता हसता तिने खुर्ची मागे सरकवली, दोघं बाहेर पडली, आणि गाडीत बसून डब्यातला भात खाल्ला. त्यांची बहुतेक हॉटेलं अशी गाडीतच संपायची.

आता मॅडमचंही ऐका. ती भित्री नव्हती आणि बेफिकीरही नव्हती. पण कंटाळली होती. बाहेर निघताना त्याचा प्रश्न ठरलेला, "सुई घेतलीस?" तलावावर पोहोचली की फोन, "सुई कुठाय?"

"पोहायच्या टोपीत खोचलीये," ती एकदा म्हणाली. "हात हलवला की लोकांना वाटतं, ॲन्टेना आहे."

"मी गंमत करत नाहीये."

"मी पण नाही. अरे, लग्न माझ्याशी केलंस की माझ्या तिळांशी?"

त्याने फोन ठेवला. पाकिटावरून त्याने हात फिरवला, मी आहे ना, एवढं चाचपलं, आणि लिफ्टच्या खड्ड्यात उतरला. तिथला ग्रीसचा वास, वरून टांगलेले दोर, आणि हा आपला बॅटरी तोंडात धरून बोल्ट आवळतोय. कामावरचे लोक त्याला 'डॉक्टर' म्हणून चिडवायचे. मला वाईट वाटायचं. त्याला पण वाटत असणार, पण बोलून दाखवायचा नाही.

खरा गुंता होता तो ताईंचा. ताई म्हणजे मेकॅनिकची मोठी बहीण. लहानपणी आई गेल्यावर तिनेच त्याला वाढवलेलं. हाताला चव अशी, की लोक पातेलं पुसून खायचे. आणि अशा बाईच्या घरी सख्खी भावजय स्वतःचा डबा घेऊन यायची! ताई काही बोलायच्या नाहीत. डब्याकडे बघायच्या फक्त. एकदा मात्र स्वयंपाकघरातून आवाज आलाच, "आमच्या वेळी नव्हते बाई असले आजार. ताटात पडेल ते खायचो."

मेकॅनिकने समजावलं. डॉक्टरांचा कागद दाखवला. भाजलेल्या तिळांची पूडसुद्धा चालत नाही, तेच चमचे चालत नाहीत, सगळं सांगितलं. ताई म्हणाल्या, "हो रे बाबा, कळलं." पुढच्या महिन्यात परत पहिल्यापासून. शेवटी शेवटी तो सांगायला लागला, की ताई भांडी आवरायला उठायच्या.

मग ताईंनी नवीन घर घेतलं, आणि रविवारी दुपारी सगळ्यांना जेवायला बोलावलं. फोनवर म्हणाल्या, "या वेळी डबा आणाल तर दारातून परत पाठवीन. तिळाचा कण घरात नाही. मी स्वतः बघितलंय."

निघताना मॅडमने नवीन निळा ड्रेस घातला, आणि तो बघता बघता मेकॅनिक आज 'सुई घेतलीस?' विचारायचं विसरला. गाडी ताईंच्या इमारतीखाली लागली. तो उतरणार तेवढ्यात तिने त्याचं मनगट धरलं.

"एक मागू?"

"माग की."

"आज स्वयंपाकघरात जाऊन चौकशी करायची नाही. बरण्या उघडायच्या नाहीत. पाच वर्षांत पहिल्यांदा त्या माझ्यासाठी म्हणून रांधतायत. मला पाहुणी म्हणून जेवू दे रे, पेशंट म्हणून नको."

त्याने पाकिटाची चेन नीट लावली. "बरं," म्हणाला. "आज ब्र काढणार नाही."

मला बोलता येत असतं, तर मी तिथेच ओरडले असते. पण आमच्यासारख्यांना एकदाच बोलता येतं, तेही दुसऱ्याने टोपी काढल्यावर.

जेवण छान होतं. भाज्यांचं सूप, भाजलेले बटाटे, आणि मधोमध टोपलीत गरम मऊ पाव. दाजी, म्हणजे ताईंचे यजमान, शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेले, समोर बसले होते. एक शेजारीण होती. मॅडमने पाव मोडला, सुपात बुडवला आणि म्हणाली, "ताई, काय मऊ झालाय हो!" ताईंचा चेहरा असा उजळला, की मेकॅनिकने डोळे खाली केले. बहुतेक त्याला स्वतःची लाज वाटली. उगाच इतकी वर्षं आपण कटकट केली, असं काहीतरी.

दुसरा पाव अर्धा झाला, आणि मॅडम खाकरली.

मग तळहात खाजवला. मग परत खाकरली. मेकॅनिकचा चमचा थांबला. त्याचा हात पाकिटावर आला, चेन उघडली, मी त्याच्या मुठीत गेले. अंगठा माझ्या पिवळ्या टोपीवर टेकला.

आणि तिथेच राहिला.

"ठसका लागलाय," दाजी म्हणाले. "पाणी द्या तिला."

"ताई, पावात काय होतं?" मेकॅनिकने विचारलं.

"काही नव्हतं! सांगितलं ना, तीळ नाहीत म्हणून. झालं का तुझं सुरू?"

शेजारीण पर्स उघडून बसली. "माझ्याकडे ॲलर्जीची गोळी आहे. आमच्या ह्यांना अर्ध्या तासात उतार पडतो. ती द्या आधी, उगाच सुया कशाला टोचायच्या चांगल्या माणसाला?"

"लिंबू-पाणी चालेल का?"

"खिडकी उघडा, हवा लागू दे."

"अहो, सुईने हृदयावर ताण येतो म्हणतात." हे दाजी. विज्ञानाचे!

मी त्या मुठीत घामाने भिजत होते. मला सगळं दिसत होतं. मॅडमचे ओठ जाड झाले होते, मानेवर लाल चट्टे चढत होते. हा माणूस दर महिन्याला टेबलावर बसून खोट्या सुईने सराव करायचा, झोपेतसुद्धा त्याला जमलं असतं. पण आज चार माणसं त्याच्याकडे बघत होती, आणि बायकोला दिलेला शब्द होता. टोचलं आणि साधा ठसकाच निघाला, तर? परत तोच कटकट्या, परत तोच तमाशा, ताईंच्या नव्या घरात, पहिल्याच जेवणात. त्याने तिच्याकडे बघितलं. ती मान हलवत होती. हो म्हणत होती की नाही, कळत नव्हतं.

भिंतीवर नवं घड्याळ होतं. चार मिनिटं गेली. खोलीत सभा भरली होती, आणि जिच्यासाठी भरली होती तिला श्वास येत नव्हता.

मॅडम हवेसाठी उठली. दोन पावलं टाकली आणि गुडघ्यात मोडली. खाली बसता बसता तिने स्वतःच्या मांडीवर थाप मारली. एकदाच. आवाज निघतच नव्हता.

तेव्हा टोपी उडाली.

निळ्या कापडातून मी आत गेले. मेकॅनिक मोठ्याने अंक मोजत होता. माझ्या पोटात होतं ते सगळं मी दिलं. त्याने तिला आडवं केलं, पाय उशांवर ठेवले, दाजींना ओरडून सांगितलं, "फोन करा, ॲम्ब्युलन्स, आत्ता!" मग तिच्या कानाशी वाकला. "दुसरी सुई? तुझी पर्स कुठाय?"

तिच्या ओठांवरून शब्द वाचावा लागला. लॉकर. सकाळच्या वर्गानंतर पर्स तलावावरच राहिली होती. नवीन ड्रेसवर तिने दुसरी, छोटी पर्स घेतली होती.

त्याने डोळे मिटले. एवढंच.

ॲम्ब्युलन्सवाल्यांनी अजून एक इंजेक्शन दिलं, ऑक्सिजन लावला. हळूहळू शिट्टीसारखा वाजणारा श्वास श्वासासारखा झाला. मेकॅनिकने मला त्या लोकांच्या हातात दिलं, वेळ सांगितली, आणि मी त्यांच्यासोबत दवाखान्यापर्यंत आले. नर्सने मला ट्रेमध्ये ठेवलं, पडद्याशेजारी. त्यामुळे पुढचंही ऐकलं.

मॅडमचा आवाज परत आला, तेव्हा पहिलं वाक्य होतं, "का थांबलास?"

"तूच म्हणालीस ना, की आज..."

"चौकशी करू नको म्हणाले होते. मरू दे असं नव्हते म्हणाले."

"आणि सुई लॉकरमध्ये ठेवून आलीस, त्याचं काय?" तो पण चढला. "रोज विचारतो तर मी कटकट्या! आज नाही विचारलं, तर..."

दोघंही रडकुंडीला आलेली, दोघांचंही खरं. ती भिंतीकडे तोंड करून पडली. त्याने खुर्ची जवळ ओढली, पण हात काही धरला नाही. थोड्या वेळाने तिनेच मागे हात केला, तोंड न वळवता.

तेवढ्यात ताई आल्या. पदराने, हाताने, जे मिळेल त्याने डोळे पुसत होत्या. आणि तिथे उलगडा झाला. बेकरीवाल्याने चुकून तिळाचे पाव पाठवले होते. दुसरे आणायला वेळ नव्हता. भावजयीला वेगळा पाव वाढायचा नाही, सगळ्यांसोबत तिने तेच खायला हवं, म्हणून ताई अर्धा तास सुरी घेऊन बसल्या आणि प्रत्येक पावावरचे तीळ खरवडून काढले.

"एकूण एक काढला रे. चष्मा लावून. मग कशाने झालं?"

मेकॅनिकने तोंड उघडलं. पूड, तेल, चमचे, डॉक्टरांचा कागद, पाच वर्षांचं सगळं त्याच्या जिभेवर आलेलं मला दिसत होतं.

"ताई, मी तुला किती वेळा..."

"मग नीट सांगायचंस ना आधी!" ताई हुंदका देत म्हणाल्या.

तो उठला, पडदा सारून बाहेर गेला, आणि बाहेर काहीतरी लाथाडल्याचा आवाज आला. बहुधा कचऱ्याचा डबा. नर्स धावली.

आत ताई पलंगाच्या कडेला अवघडून बसल्या. मॅडमने त्यांच्याकडे बघितलं. बसलेल्या आवाजात म्हणाली, "मला ठाऊक आहे, तुम्ही माझ्यासाठीच केलंत. पण ताई, त्यामुळेच मी आज गेले असते." तिने हे रागाने म्हटलं नाही, आणि समजूत घालायलाही नाही. पहिल्यांदाच ताई उठून गेल्या नाहीत. तशाच बसून राहिल्या.

नर्सने मला उचललं, आणि आता मी वापरलेल्या सुयांच्या पिवळ्या डब्यात आहे. इथे अंधार आहे आणि शेजारणी बऱ्याच आहेत. बाहेर ती दोघं अजून भांडतायत का, की गप्प बसलीत, ते इथून ऐकू येत नाही. त्यांना सुयांची नवीन जोडी मिळेल. त्याला परत 'सुई घेतलीस?' विचारावं लागेल, तिला परत सांगावं लागेल, आणि तिला परत राग येईल. मला वाटतं, येऊ द्यावा.

माझं काम झालं, पण समाधान म्हणाल तर नाही. वर्षभर मी एका क्षणासाठी तयार बसले होते, आणि तो क्षण आला तेव्हा लोक लिंबू-पाण्याची चर्चा करत होते. म्हणून जाता जाता तुम्हाला, म्हणजे कुठल्यातरी जेवणाच्या टेबलाशी बसलेल्या माणसाला, सांगते. तुमच्या समोर कुणाचा श्वास अडला, आणि शेजारी कुणी हातात माझ्यासारखी घेऊन घुटमळत असेल, तर त्याला सल्ला देऊ नका. गोळी शोधू नका. तमाशा होईल याची काळजी करू नका. त्याला एवढंच म्हणा, "टोच."

आणि मग फोन करा.