मार्ताचा बैल

नानीबाईनं टेबलावर वाकून अमृतरावांच्या हातातलं खोडरबर हिसकावलं आणि मुठीत घट्ट धरलं.

"पुसू नका म्हणले ना!"

अमृतराव खुर्चीतल्या खुर्चीत मागं सरले. तीस वर्षं शाळेत शिकवलं, सात वर्षं जवळा बाजारचं हे वाचनालय चालवलं. पण सत्तरीच्या बाईनं हातातली वस्तू अशी ओढून न्यावी, हे त्यांच्या आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं. समोर पुस्तक उघडं पडलं होतं. पान एकशे बारा. समासात पेन्सिलीनं, वळणदार अक्षरात लिहिलं होतं, 'खोटं.' एकशे तेरावर, 'साफ खोटं.' एकशे पंधरावर तर कडेनं उभी ओळच होती, 'लिहिणाराच्या पाठीवर गोण्या बांधून त्याला रातभर उभा करा.'

"हे अक्षर कुणाचं?"

"माझं," दिपा म्हणाली. नानीबाईची ही सून दाराजवळ बाजाराची पिशवी पायाशी घेऊन उभी होती.

"अक्षर तिचं, बोलणं माझं," नानीबाई म्हणाली. "काय म्हणायचं ते मला म्हणा, गुरुजी."

"तुम्हाला काय म्हणू? तुम्हाला वाचता तरी येतं का?"

"ऐकता येतं. कान शाबूत हायेत माझे."

अमृतरावांचं डोकं आणखीच तापलं. वाचनालयातल्या प्रत्येक पुस्तकाला त्यांनी स्वतः खाकी कव्हर घातलं होतं, प्रत्येकावर स्वतः शिक्का मारला होता. हिंगोली जिल्हा वेगळा होऊन सहा महिने झाले तरी शिक्क्यावर जिल्हा परभणीच होता, तेवढी एक गोष्ट सोडली तर त्या खोलीत चूक म्हणून सापडायची नाही. लहानपणी वर्गातली पोरं आपल्या पुस्तकाला त्यांचा हात लागू देत नसत. कुणीतरी पानं उलटायचा आणि ते लांबून वाचायचे. अशा माणसाच्या पुस्तकात कुणी 'साफ खोटं' लिहून ठेवतं म्हणजे काय!

"पुस्तक म्हणजे काय बसस्टँडची भिंत आहे? आलं मनात की खरडलं?" त्यांनी पेटीतून दिपाचं कार्ड काढलं. "आजपासून बंद. पुस्तक मिळणार नाही."

 दिपानं पिशवीचा बंद बोटाला गुंडाळला आणि सोडला. या आठवड्याच्या बाजारापासून पुढच्या बाजारापर्यंत तिला स्वतःचं असं काय होतं, तर ते कार्ड.

"करा बंद," नानीबाई म्हणाली. "पण आधी मला सांगा, बैल कशानं मेला?"

"कुठला बैल?"

"मार्ताचा! दुसरा कुठला? वाचलं न्हाई का तुमी?"

वाचलं नाही! अमृतरावांनी ते पुस्तक दोनदा वाचलं होतं आणि दोन्ही वेळा चष्मा काढून डोळे पुसले होते. मिशन दवाखान्यातली एक सिस्टर बदली झाली तेव्हा खोकाभर पुस्तकं देऊन गेली, त्यातलं हे. सुरुवातीची पानं गेलेली, त्यामुळं लेखक कोण ते कुणालाच ठाऊक नव्हतं. येशूच्या भक्तांची गोष्ट, पण असल्या मुलखातली की जिथं झाडं बोलतात. सात डोंगरांपलीकडच्या शुभ्र नगरीतलं सगळं मीठ एका रात्रीत नाहीसं होतं. मग मार्ता नावाची विधवा एका तांड्याबरोबर आपल्या बारा बैलांवर मीठ लादून त्या नगरीला निघते. वाटेत आग ओकणारा अजगर, पंखांचे घोडे, पाण्यावर चालणारी माणसं. वाचनालयात सगळ्यांत जास्त फिरलेलं पुस्तक तेच.

"मार्ताच्या मनात शंका आली," अमृतराव म्हणाले. "तांड्याबरोबरच्या संदेष्ट्यानं सांगितलं होतं, चौथ्या खिंडीत रात्रभर उभं राहून प्रार्थना करा, मीठ जमिनीला टेकू देऊ नका. सगळ्यांनी केली. मार्ताचा विश्वास डळमळला. म्हणून सकाळी तिचाच बैल पडला. स्वच्छ लिहिलंय."

"तुमी गुरुजी असून असं बोलून राहिले!" नानीबाईनं कपाळावर हात मारला. "अहो, रातभर पाठीवर गोण्या! उतरवल्याच न्हाईत! दिवसभर डोंगर चढलेलं जनावर, त्याला उभं ठिवलं आन् हे बसले डोळे मिटून! मरंल न्हाई तर काय व्हईल? त्यात शंका कुठून आली? माझा आजा निजामाच्या राज्यात बैलावर मीठ वाहत व्हता. मुक्काम पडला की आधी बैल मोकळे, मग माणसाच्या तोंडात पाणी. मी एवढीशी व्हते तव्हापासून दोर सोडले हायेत. पाठ सोललेला बैल कसा बघतो माणसाकडं, ते ह्या लिहिणाराला म्हाईत हाय का?"

"ती कल्पना आहे, बाई. अजगर कुठं खरा असतो?"

"अजगर असंल!" नानीबाईनं अजगर एका हातानं बाजूला सारला. "आपण काय सगळे डोंगर पाहिले? झाडं बोलत असतील. घोड्याला पंख असतील, माझी काही तकरार न्हाई. अजगराचं तर मी चारदा वाचून घेतलं, असं झकास लिव्हलंय. पण बैल तो बैलच ना? आन् बैल मेला तर मेला, वर दोष त्या रांडमुंड बाईला! आख्खा तांडा तिला बोल लावतो आन् ती येडी पुढं शंभर पानं रडून राहिली, माझंच चुकलं, माझंच चुकलं म्हणून! माझ्या जिवाला सोसंना ते. म्हून लिव्ह म्हणले हिला."

बोलता बोलता तिचा आवाज चढला होता. वर्तमानपत्र चाळत बसलेले दोघं मान वर करून बघायला लागले.

खरं तर शिमग्याच्या आधी हीच नानीबाई पुस्तकाच्या नावानं बोटं मोडायची. दिपा बारावी पास होऊन खेमानाईक तांड्यात नांदायला आली, ती पेटीत पुस्तकं घेऊनच. चुलीपुढं पुस्तक, ज्वारी निवडताना पुस्तक. पुढं डी.एड. करीन म्हणायची. मग शिमग्यात तिचं सात महिन्यांचं पोटातलं लेकरू गेलं. दवाखान्यात डॉक्टरीणबाईनं विचारलं, काय झालं होतं? तेव्हा नानीबाईच पुढं होऊन म्हणाली, "हिचं ध्यान पुस्तकात. लेकरू हिच्या मनातच नव्हतं." ते वाक्य त्या दोघींच्या आधी तांड्यात पोचलं आणि तिथंच राहिलं. दिपाचा नवरा देविदास ते ऐकायचा आणि गप्प राहायचा.

नंतर दिपाला महिनाभर पडून राहायला सांगितलं होतं. दुपारी ती अंथरुणात हे पुस्तक हलक्या आवाजात वाचायची. नानीबाई पाठ करून बसायची. अजगर आला तशी ती वळली. मार्ता आली तशी सरकत सरकत अंथरुणापाशी आली. पुस्तक तीनदा नेलं, तीनदा परत केलं, आणि आता चौथ्यांदा नेलं तेव्हा पेन्सिल हाती आली.

अमृतरावांनी चष्मा पुसला. या बाईशी शब्दानं निभाव लागणार नाही, हे त्यांच्या ध्यानात आलं होतं. शिवाय बैलाचं तिचं म्हणणं मनात कुठंतरी टोचायला लागलं होतं. दोनदा वाचूनही आपल्याला गोण्या दिसल्या कशा नाहीत? त्याचाही त्यांना रागच आला. त्यांनी कपाटातून एक लांब वही काढली.

"हे बघा. वाचकाला मत असावं, मी नाही म्हणत नाही. त्यासाठी ही अभिप्राय वही आहे. हिच्यात लिहा. शाईनं, नीट भाषेत, आणि फक्त पुस्तकाबद्दल. दुसरं काही नाही, तपासणीला साहेब येतात. मग पेन्सिलीचं मी पुसतो आणि कार्ड चालू ठेवतो. कबूल?"

"आधी दुसऱ्यांनी काय लिव्हलंय ते वाचून दाखव," नानीबाई दिपाला म्हणाली.

दिपानं पुढं येऊन वही ओढली आणि वाचायला लागली. "'अतिशय सुंदर कादंबरी. एका बैठकीत संपवली, म्हैस पिळायची राहिली. वाचकांनी जरूर वाचावी. नीलाबाई.' 'अजगराचे प्रकरण लय भारी. अजून दोन अजगर पाहिजे होते. प्रज्ञेश, इयत्ता बारावी.' 'पुस्तक ख्रिस्ती लोकांचे असले तरी चांगले आहे. पुनमचंद.' त्याच्याखाली कुणीतरी लिहिलंय, 'तरी काहून म्हणता? चांगले ते चांगले.' 'मार्ताचा पश्चात्ताप वाचून मन शुद्ध झाले. आजच्या स्त्रियांनी तिचा आदर्श घ्यावा. जळबा.'"

"कशाचा आदर्श?" नानीबाई कडाडली. "कोण हा जळबा? न केलेल्या गुन्ह्याची माफी मागायची, हा आदर्श? आण इकडं. लिव्ह."

तिनं खोडरबर टेबलावर ठेवलं. अमृतरावांनी दिपाला आपलं पेन दिलं. दिपा बाकावर बसली, वही मांडीवर घेतली, तारीख घातली, पुस्तकाचं नाव घातलं.

नानीबाई उभ्यानंच सांगायला लागली, एकेक शब्द तोडून. "लिव्ह. पुस्तक झकास हाय. अजगर झकास. पण बैल देवानं मारला न्हाई. बैलाच्या पाठीवरचं वझं कुणी उतरवलं न्हाई म्हून तो मेला. लिव्हलं?"

"लिहिलं."

"मार्ताच्या मनात काय व्हतं न् काय नव्हतं, त्याचा काही संबंध न्हाई. दोष तिचा न्हाई. ज्याहीनं डोळ्यानं वझं पाहिलं आन् उतरवलं न्हाई, दोष त्याहीचा. आन् वरून तिच्यावर ढकलला म्हून दुप्पट दोष."

पेन थांबलं होतं.

"लिव्ह की."

दिपानं पेनाला टोपण लावलं. वही मिटून बाकावर ठेवली.

"मी हे न्हाई लिहीत, याडी." तांड्यात आईला याडी म्हणतात, सासूलाही ती तसंच म्हणायची.

"काहून?"

"मार्ता कागदावरची बाई हाय. तिच्यासाठी तुमी सहा महिन्यांपासून तळतळून राहिल्या. आज बाजार सोडून इथं भांडायला आल्या." दिपाचा आवाज लहानच होता, पण हलत नव्हता. "मी तर तुमच्या घरात व्हते. सात महिन्यांची. नाल्यावरून पाणी कोण आणत व्हतं? तुमी वट्यावर बसून बघत नव्हत्या? आन् डॉक्टरीणबाईपुढं काय सांगितलं? हिच्या मनातच नव्हतं. त्या संदेष्ट्यानं तरी दुसरं काय सांगितलं?"

वर्तमानपत्रवाल्या दोघांपैकी एकजण उठून बाहेर गेला. बाहेर कापसाच्या गाडीवाल्यांची कशावरून तरी जुंपली होती, त्याचा आवाज आत येत होता.

नानीबाईचा चेहरा आधी लाल झाला. "आमी न्हाई का वाहिलं पाणी? भरल्या पोटानं? समद्याच वाहतात!" ती म्हणाली. मग, "मला तव्हाच काहून न्हाई बोललीस?"

"कुणाला बोलू? घरात कोण व्हतं माझ्या बाजूनं बोलायला?"

 नानीबाई भिंतीला धरून बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसली. ओढणीचा काठ ओढून तिनं पुढं घेतला, उगाच सारखा केला. अमृतरावांना वाटलं, आपणही उठून बाहेर जावं. पण खोली त्यांची होती आणि पेन त्यांचं होतं. ते कपाटाकडं तोंड करून नीट लावलेली पुस्तकं पुन्हा नीट लावायला लागले.

मग नानीबाईनं हाक मारली.

"गुरुजी. तुमी लिव्हा. ती न्हाई लिहीत तर तुमी लिव्हा."

बाकावरची वही आणि पेन घेऊन अमृतराव खुर्चीत येऊन बसले. वही त्यांनी उघडली. "हं. दोष दुप्पट, इथपर्यंत झालंय का?"

"ते असू द्या. नवं लिव्हा. माझी सून दिपा देविदास राठोड. हिचं लेकरू हिच्या मनात नव्हतं म्हून गेलं न्हाई."

अमृतरावांनी वर पाहिलं. "नानीबाई, या वहीत पुस्तकाबद्दलच…"

"पुस्तकाचं मागून लिव्हा. आधी हे लिव्हा."

त्यांनी वहीकडं पाहिलं. तपासणीचे साहेब, नीट भाषा, सगळं त्यांच्या डोळ्यांपुढून गेलं. मग त्यांनी पेनात शाई आहे का ते बघायला बोटावर एक रेघ ओढली आणि लिहायला घेतलं.

"दवाखान्यात मी खोटं बोलले," नानीबाई सांगत होती. तिची नजर जमिनीवर होती, आवाज मात्र मघाइतकाच मोठा. "खोटंच लिव्हा, दुसरा शब्द घालू नका. माझे गुडघे धरले व्हते म्हून पाणी हिनंच आणलं. सातव्या महिन्यात, रोज दोन खेपा, नाल्याचा चढ. एका खेपेला दोन हंडे. मी वट्यावरून पाहत व्हते. वझं घ्यायला मी उठले न्हाई. खाली माझं नाव टाका."

अमृतरावांचं पेन चालत राहिलं. एकही शब्द त्यांनी सुधारला नाही. नाव टाकून त्यांनी वही फिरवली आणि दिपापुढं धरली.

दिपानं वाचलं. पहिल्या ओळीपासून, सावकाश, बोट न लावता. मग तिनं मान वर केली. डोळे कोरडे होते.

"गुरुजी, इथं चुकलंय," ती म्हणाली. "हंडे तीन व्हते. डोक्यावर दोन, कमरेवर एक."

अमृतरावांनी नानीबाईकडं पाहिलं. नानीबाई सुनेकडं बघत होती.

"तीन लिव्हा," ती म्हणाली.